जॉब स्क्रिप्टच्या माथ्यावरच्या # च्या ओळी

शेल म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम. त्याच्या लेखी # ने सुरू होणारी ओळ म्हणजे टिप्पणी. ती तो वाचतच नाही. आणि क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, जॉब (एखादं काम) टाकताना मात्र किती कोअर, किती मेमरी, किती तास, कोणती रांग हे सगळं नेमकं याच ओळींत लिहावं लागतं. नवखा माणूस मग तिथे आउटपुट फाइलच्या नावात एखादं व्हेरिएबल, म्हणजे शेलने किंमत भरायचं $ लावलेलं नाव, घालतो आणि डिरेक्टरीत अक्षरशः डॉलरचं चिन्ह असलेल्या नावाची फाइल उगवते. व्हेरिएबलची किंमत भरणारा शेल त्या ओळीकडे बघतच नाही, आणि जो बघतो तो रांग सांभाळणारा प्रोग्राम, शेल नाही. गिरणीत दळण टाकताना डब्यावर 'बारीक' म्हणून चिठ्ठी लावतात, ती गिरणीवाल्यासाठी असते. गव्हाला तिच्याशी देणंघेणं नाही.

ही चिठ्ठी शेलपेक्षा जुनी आहे, शेल जिच्यावर उभा आहे त्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षाही जुनी.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएम ७०१ सारखं यंत्र वापरायचं म्हणजे वेळ राखून ठेवायची, आपल्या पंच कार्डांचा (भोकं पाडून मजकूर नोंदलेल्या कार्डांचा) गठ्ठा आणि टेपा घेऊन यंत्रखोलीत जायचं आणि स्वतःच सगळं चालवायचं. मिळालेल्या वेळातला मोठा भाग जमवाजमवीतच जाई आणि लाखो डॉलरचं यंत्र तेवढा वेळ स्वस्थ बसे. यावर जनरल मोटर्सची संशोधन प्रयोगशाळा आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन ही विमानकंपनी यांनी मिळून १९५६ मध्ये आयबीएम ७०४ साठी एक प्रोग्राम बनवला. एक काम संपलं की माणसाची वाट न बघता तो पुढचं काम सुरू करी. बॅच हा शब्द रुळला तो या काळात. गिरणीवाला गव्हाचे डबे एका दमात काढतो आणि बाजरी मागाहून घेतो, तशी सारखी कामं एकत्र बांधून यंत्राला द्यायची.

पण माणूस खोलीबाहेर गेल्यावर यंत्राला सांगणार कोण, की हे काम इथे संपलं, पुढचं अमक्याचं आहे, त्याला फोरट्रान भाषा लागेल? म्हणून गठ्ठ्यात नियंत्रणाची कार्डं आली. ती प्रोग्रामच्या आणि डेटाच्या कार्डांत मिसळू नयेत म्हणून पहिल्या रकान्यात वेगळं चिन्ह. आयबीएमच्या ७०९० वरच्या आयबीसिस प्रणालीत ते $ होतं. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० च्या ओएस/३६० मध्ये ते // झालं आणि त्या कार्डांची चक्क एक भाषा झाली: जॉब कंट्रोल लँग्वेज, जेसीएल. ओएस/३६० च्या कामाचं नेतृत्व करणाऱ्या फ्रेड ब्रुक्स यांनीच पुढे तिचे वाभाडे काढले. त्यांचं म्हणणं असं, की आपण भाषा घडवतो आहोत हे कुणी ओळखलंच नाही, सगळे तिला चार नियंत्रण-कार्डं समजत राहिले. १९६४ मध्येच इकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांनाही तो खुला होता.

गठ्ठा टाकून निकालासाठी ताटकळण्याला कंटाळलेली मंडळी एव्हाना दुसऱ्या वाटेने निघाली होती. एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने १९६१ मध्ये सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग प्रणाली चालवून दाखवली. अनेक जण टर्मिनलवर बसलेत, आणि यंत्र प्रत्येकाला आळीपाळीने क्षणभर वेळ देतंय. आपल्या कथेसाठी तिथल्या दोन गोष्टी मोलाच्या. लुई पूझाँ यांनी फाइलीत लिहिलेल्या आज्ञा ओळीने चालवणारा रनकॉम बनवला, आणि शेल हा शब्दही त्यांचाच. शिवाय टर्मिनलवरून एखादं काम मागे चालायला सोडून निघून जायची सोयही तिथे होती. म्हणजे बॅच टाइम-शेअरिंगच्या घरातही मागच्या दाराने आलीच.

युनिक्सने रनकॉमचा वारसा पुरेपूर घेतला, रांगेचा मात्र जेमतेम. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ॲट ही कमांड होती. ठरल्या वेळी काम चालवायची, आणि त्यासाठी त्या क्षणाची डिरेक्टरी आणि एन्व्हायरन्मेंट (शेलमधल्या व्हेरिएबलांचा चालू संच) जपून ठेवायची. ही जपणूक पुढे वादाचा विषय होणार होती.

खरी गाठ पडली कॅलिफोर्नियात, नासाच्या एम्स केंद्रात. १९८५ च्या सुमारास तिथे क्रे-२ हा महासंगणक आला, तोही युनिक्ससह. विमानाभोवतीच्या हवेचं गणित तासन्‌तास चालायचं, मेमरी अडवून बसायचं, आणि युनिक्सचा स्वभाव सगळ्यांना थोडं थोडं वाढायचा. चार मोठी गणितं एकदम चढली की एकही धड पुढे सरकत नाही. म्हणून १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे नेटवर्क क्यूइंग सिस्टिम, एनक्यूएस, तयार झाली. काम रांगेत टाकायची क्यूसब, त्याची स्थिती बघायची क्यूस्टॅट, ते काढून टाकायची क्यूडेल ही कमांडची नावं तिथली. काम म्हणजे साधी शेल स्क्रिप्ट, आणि मागण्या त्याच फाइलीत # च्या ओळींत. मला ही युक्ती फार धूर्त वाटते. तीच फाइल रांगेत टाकली तर चिठ्ठी वाचली जाते, हाताने चालवली तर शेल चिठ्ठी ओलांडून पुढे जातो. पंच कार्डाचा पहिला रकाना असा टिप्पणीच्या आड लपून वाचला.

एनक्यूएसची जागा घ्यायला एम्समध्येच १९९१ पासून पीबीएस ही रांगेची प्रणाली घडली. तिच्या वंशावळीत ओपनपीबीएस, टॉर्क, पीबीएस प्रो अशी भाऊबंदकी आहे. ती इथे उकरत नाही. जर्मनीतल्या कोडाइनपासून सन कंपनीचं ग्रिड इंजिन झालं, त्याच्या मागण्यांच्या ओळींची खूण #$. टोरांटोच्या एलएसएफ या तशाच प्रणालीने वेगळं वळण घेतलं: तिच्या बीसब या जॉब टाकायच्या कमांडला स्क्रिप्ट लागतच नाही, पुढे कमांड लिहिली की झालं. मात्र स्क्रिप्टमधल्या # च्या ओळी तिने वाचाव्यात असं वाटत असेल, तर फाइल मुळात < लावून आत ढकलावी लागे. नुसतं फाइलचं नाव दिलं तर ती फक्त एक कमांड, चिठ्ठी उघडली जायची नाही. यात किती जणांच्या रात्री गेल्या असतील!

१९९४ मध्ये नासाच्याच गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे पीसी जोडून बेवुल्फ उभा केला आणि क्लस्टर विद्यापीठांच्या आवाक्यात आले. रांग आता शंभर यंत्रांची सांभाळायची होती. आरगॉन प्रयोगशाळेत डेव्हिड लिफ्का यांनी १९९५ मध्ये मांडलेली बॅकफिलची रीत इथे उपयोगी पडली. मोठ्या जॉबसाठी नोड, म्हणजे क्लस्टरमधली यंत्रं, मोकळे होण्याची वाट बघताना मधल्या फटीत छोटा जॉब बसवायचा, पण मोठ्याला उशीर होऊ द्यायचा नाही. त्यासाठी प्रत्येकाने आपला वेळ आधी सांगायला हवा. चिठ्ठीतला वेळेचा रकाना म्हणून इतका महत्त्वाचा, आणि भीतीपोटी तिथे सरसकट कमाल तास भरणारे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात. तेवढ्या लांब जॉबला फट मिळत नाही.

लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून २००२ मध्ये स्लर्म हे रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं. नावातला पहिला शब्द 'सिंपल', तो आता नावापुरताच. पुण्यात आयसर या विज्ञानसंस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकावरही जॉब टाकायचा तो स्लर्मच्या एसबॅच कमांडने. एसबॅच स्क्रिप्टची प्रत तिथल्या तिथे काढून ठेवतं, त्यामुळे नंतर मूळ फाइल बदलली तरी रांगेतला जॉब जुनाच चालतो. पहिली खरी कमांड लागली की त्याखालच्या #एसबॅच ओळी वाचत नाही. एकच कमांड टाकायची असेल तर रॅप हा पर्याय तिच्याभोवती आपणहून स्क्रिप्ट गुंडाळतो.

ॲटने जपलेल्या डिरेक्टरीचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. पीबीएसमध्ये जॉब होम डिरेक्टरीत जागा होतो आणि एन्व्हायरन्मेंट सांगितल्याशिवाय सोबत येत नाही. स्लर्ममध्ये तो टाकला तिथेच जागा होतो, आणि टाकणाऱ्याचं सगळं एन्व्हायरन्मेंट बरोबर घेऊन येतो. पीबीएसवरून स्लर्मवर आलेल्या स्क्रिप्टांत # च्या ओळी बदललेल्या असतात, पण त्याखाली, जॉब टाकला ती डिरेक्टरी सांगणाऱ्या पीबीएसच्या व्हेरिएबलवर जाणारी सीडीची (डिरेक्टरी बदलायच्या कमांडची) ओळ पुष्कळदा तशीच राहते. स्लर्ममध्ये ते व्हेरिएबल रिकामं असतं, आणि रिकामी सीडी होम डिरेक्टरीत नेऊन सोडते.