घड्याळ बघून मन कळत नाही

‘जितके जास्त तास व्हिडिओ गेम, तितकं मन खराब’ हे वाक्य घराघरांत इतकं मुरलंय की कुणी तपासायलाच जात नाही. अडचण अशी की आधीच्या बऱ्याच अभ्यासांत किती वेळ खेळलात हे खेळणाऱ्यांनाच विचारलं जायचं. आता, रमीला बसलेल्या माणसाला किती वाजले ते कधी ठाऊक असतं?

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये वेळेची नोंद थेट गेम कंपन्यांकडून घेतली. सात गेम, सुमारे 39,000 खेळाडू, सहा आठवडे. खेळाचा वेळ वाढला-घटला तरी मनःस्वास्थ्यावर परिणाम जवळजवळ नाहीच. फरक दिसला तो कारणात. मजा येते म्हणून खेळणारे बरे होते. ‘खेळलंच पाहिजे’ अशा ओढीने बसणारे तितके नव्हते.

मानसशास्त्रज्ञ रायन आणि डेसी यांचा सिद्धान्त इथे लागू पडतो. माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: आपल्या मर्जीने काही करणं, काहीतरी जमणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. दिवसभर बॉसचं ऐकून आलेल्याला रात्री एक लेव्हल पार करताना त्यातलं बरंच मिळतं.

मात्र हा अभ्यास प्रौढांचा होता. तो आठवीतल्या मुलाने आईला दाखवू नये. आणि गेमिंगचा विकार खराच आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमच मोठा होणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण 12 महिने चालणं, असे तिचे निकष आहेत.