कसेल त्याची जमीन, पण कसणारा कोण हे ठरवायचं कसं?

पुण्याच्या आसपास जमिनीचा विषय निघाला की कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा, हा शब्द येतोच, बाणेर असो नाहीतर मुळशी. पण कूळ कायद्यात कोणाला जमीन मिळाली आणि कोणाची राहून गेली, ते का, हे फारसं कोणी बोलत नाही, आणि मला तर खरा विषय तोच वाटतो.

कायदा 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 ला म्हणजे कृषक दिनाला कूळ आपोआप मालक झालं असं धरलं गेलं. ऐकायला सोपं आहे पण पुढे कायद्याच्या कलम 32ग ची चौकशी असायची, तहसीलदारासमोर हजर राहायचं, जमीन घ्यायचीय असं सांगायचं, मग किंमत ठरायची, जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या आकारणीच्या 20 ते 200 पट. जो आलाच नाही किंवा मालकाच्या दबावाखाली नको म्हणाला त्याची खरेदीच निष्फळ. मालक विधवा किंवा अज्ञान म्हणजे अल्पवयीन असेल तर तारीखच पुढे ढकललेली, आणि नंतर मुदतीत नोटीस द्यायची ती कुळानेच. ज्याला वाचता येत नाही तो ही मुदत कुठे लक्षात ठेवणार?

आणि पुरावा काय, तर सातबाऱ्यावरची पीकपाहणी. माझ्या आजीने मुळशीत वर्षानुवर्षं गुडघाभर चिखलात भाताची आवणी केली, पण जुना उतारा काढला तर कूळ म्हणून नाव फक्त मोठ्या दिरांचं, तिचं कुठेच नाही. रोजाने राबणारे तर यादीच्या जवळपासही नव्हते, कारण मजूर म्हणजे कूळ नाही. लाभार्थी निवडताना दोन चुका होतात, नको तो आत येतो आणि हवा तो बाहेर राहतो. कागदच पुरावा मानला की दुसरी चूक वाढते, आणि ती मोजणं अवघड, कारण बाहेर राहिलेल्याची नोंदच नसते ना.

पश्चिम बंगालने 1978 ला ऑपरेशन बर्गा, म्हणजे वाट्याने शेत करणाऱ्यांची नोंद करायची मोहीम, सुरू केलं तेव्हा हेच उलटं केलं. अधिकारी संध्याकाळी गावात जाऊन बसायचे, लोक शेतावरून परत आले की सगळ्यांसमोर विचारायचे कोण कुठलं शेत वाट्याने करतो, आणि हा माझा वाटेकरी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. साधारण 14 लाख वाटेकऱ्यांची नोंद झाली. मालकी नाही मिळाली, पण उठवता येणार नाही ही खात्री आणि पिकातला ठरलेला वाटा मिळाला. माझ्या मते शहाणपणाची गोष्ट ती संध्याकाळची वेळ, कारण दुपारी कचेरीत बोलावलं तर मजुरी बुडवून येणार कोण?

आपल्याकडे आजही पुरंदर, दौंडकडे शेत वाट्याने देतात ते तोंडीच. मालक पुण्यात फ्लॅटमध्ये, कूळ लागेल या भीतीने दर वर्ष-दोन वर्षांनी वाटेकरी बदलतो. ई-पीक पाहणी 2021 ला आली, आता मोबाईलवरून फोटो टाकून पीक नोंदवता येतं, पण नोंद होते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यावर. पाऊस पडून कांदा सडला की भरपाईही त्याच खात्यात जाते, वाटेकऱ्याकडे दुकानदाराची बियाण्याची उधारी तेवढी राहते.