एकॉर्नची पेज आणि ओकची राने : पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातील मिवोक, पोमो, मोनो, करुक, ओलोनी अशा अनेक मूळनिवासी समाजांनी शरद ऋतूत एकत्र जमून एकॉर्न वेचण्याची, कुटण्याची आणि त्याची पेज रांधण्याची प्रथा अलीकडच्या दशकांत पुन्हा जोमाने सुरू केली आहे. एकॉर्न म्हणजे ओक वृक्षाचे टणक कवचाचे फळ. युरोपीय येण्यापूर्वी या प्रदेशाच्या मोठ्या भागात धान्याची जागा याच फळाने घेतली होती. या पुनरुज्जीवनाकडे विसरलेल्या पाककृतीचा शोध म्हणून पाहिले जाते, ते अपुरे आहे. पाककृती काही घरांत टिकून होती. हातून गेली होती ती राने आणि ती राखण्याचा अधिकार.

टॅनिन या तुरट द्रव्यामुळे कच्चे एकॉर्न इतके कडवट आणि तुरट असते की ते तोंडात धरवत नाही. शिवाय ओकला दरवर्षी सारखा बहर येत नाही, म्हणून भरघोस वर्षी वेचलेली फळे उंचावर बांधलेल्या कणग्यांत साठवून ठेवावी लागत. वाळलेली फळे फोडून, आतली पातळ साल पाखडून, गर खडकातल्या उखळात दगडी बत्त्याने कुटत. ते पीठ ओढ्याकाठच्या वाळूत केलेल्या उथळ खळग्यात पसरून कडवटपणा जाईपर्यंत त्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतत. शेवटी घट्ट विणीच्या, पाणी न गळणाऱ्या टोपलीत पीठ कालवून त्यात तापलेले दगड सोडत आणि टोपली जळू नये म्हणून ते सतत फिरवत राहत. अमाडोर परगण्यात एकाच खडकावर अशी १,१८५ उखळे आहेत. कुटण्याचे काम शेजारी शेजारी बसून होत असे, हे ती पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

ही घडी १७६९ पासून स्पॅनिश मिशनांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या ठाण्यांनी, किनारपट्टीवर विस्कटली आणि १८४८ मध्ये सोने सापडल्यावर ती अंतर्भागातही मोडली. हत्या, रोगराई आणि उपासमार यांमुळे १८४८ च्या सुमारास असलेली दीड लाखांची मूळनिवासी लोकसंख्या १८७० च्या सुमारास तीस हजारांवर आली. १८५० च्या राज्य कायद्याचे नाव ‘संरक्षणा’चे असले, तरी त्याने मूळनिवासी मुलांना गोऱ्यांकडे कामाला बांधून देण्याची सोय केली आणि गवताळ रानाला आग लावणे गुन्हा ठरवले. वसाहतवाल्यांची डुकरे ओकखाली पडलेली फळे फस्त करीत, ते वेगळेच.

आगीचा मुद्दा दुय्यम वाटेल, पण तोच कळीचा आहे. झाडांखाली लावलेल्या हलक्या आगीत सोंडकिड्यांनी पोखरलेली फळे जळून जात, जमीन वेचणीसाठी मोकळी राही आणि सूचिपर्णी रोपे ओकवर चढत नसत. अमेरिकेच्या वनसेवेने १९३५ मध्ये कोणतीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आणण्याचे धोरण स्वीकारले आणि सावलीत घुसमटलेले काळे ओक मागे पडत गेले.

योसेमिटी या कॅलिफोर्नियातील राष्ट्रीय उद्यानातील विसंगती तर ठळक आहे. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन या स्वयंसेवकांच्या सैन्यतुकडीने तिथल्या खोऱ्यात शिरून मूळनिवाशांना हुसकावले. जे परतले, त्यांची शेवटची वस्ती उद्यान प्रशासनाने १९६९ मध्ये जमीनदोस्त केली. त्याच उद्यानात ज्युलिया पार्कर १९६० पासून पर्यटकांना टोपल्या विणण्याची आणि एकॉर्न रांधण्याची कला दाखवत होत्या. पतीची आजी ल्युसी टेलेस यांच्या विद्येचा वारसा त्यांनी पुढे अनेकांना शिकवला.

अधिकार मात्र सावकाश परत मिळत आहेत. संघराज्याची मान्यता असलेल्या जमातींना करार करून राष्ट्रीय उद्यानांत पारंपरिक वापरासाठी वनस्पती गोळा करण्याची मुभा २०१६ च्या नियमाने दिली. २०१८ मध्ये व्हिन्सेंट मेडिना आणि लुई ट्रेव्हिनो यांनी बर्कलीत सुरू केलेल्या कॅफे ओलोनीने एकॉर्न शहरी पानात वाढले. २०२४ च्या राज्य कायद्यामुळे जमातींना राज्याशी करार करून, एरवी लागणाऱ्या परवानग्यांशिवाय परंपरागत आग लावण्याची वाट मोकळी झाली.

उत्तर किनारपट्टीतील समाजांपुढे आता वेगळे संकट आहे. १९९० च्या दशकात दिसू लागलेल्या आणि २००० मध्ये कारण निश्चित झालेल्या ‘सडन ओक डेथ’ या रोगाने त्यांच्या आवडीचा टॅनओक हा ओकच्या कुळातला वृक्ष मोठ्या संख्येने मरत आहे. संपूर्ण रानाला पुरेल असा इलाज नाही आणि रोग चिखलातूनही पसरतो, त्यामुळे बाधित भागातून निघताना बुटांचा चिखल धुऊन काढणे हाही आता वेचणीच्या शिस्तीचा भाग ठरतो.