आपल्या जीनोममधली जनुके आम्ही कशी शोधतो: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

असेंब्ली (डीएनएचे वाचलेले तुकडे जोडून तयार केलेला जीनोम, म्हणजे जीवाचा संपूर्ण डीएनए) हातात आली की बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, "यात जनुके किती?" आकडा आम्ही देतोच. पण आमच्या यादीतली प्रत्येक नोंद हा एक अंदाज असतो. काही नोंदींमागे भक्कम पुरावा असतो, तर काहींमागे निव्वळ गणित. कोणती नोंद कोणत्या प्रकारची आहे हे आपल्याला स्वतः ओळखता यावे, यासाठी हे पत्रक.

मानवी जीनोमवर जगभरातल्या प्रयोगशाळांनी मेहनत घेतली, तरी त्याचा आकडा एका फटक्यात ठरला नाही. 2001 च्या मसुद्यात प्रथिने बनवणारी जनुके 30 ते 40 हजार असावीत असे म्हटले होते. 2004 मध्ये अंदाज 20 ते 25 हजारांवर आला आणि आज तो 20 हजारांच्या आसपास आहे. त्यामुळे नव्या जीवाचा आमचा आकडा पुढच्या आवृत्तीत थोडा बदलला, तर काळजीचे कारण नाही.

जिवाणू असेल तर

हे काम तुलनेने सरळ आहे. ई. कोलायच्या के-12 जातीत सुमारे 46 लाख अक्षरे (डीएनएची ए, टी, जी आणि सी) आणि 4,300 च्या आसपास जनुके आहेत. जीनोमचा सुमारे 88 टक्के भाग प्रथिनांचे संकेत लिहिण्यातच गेलेला आहे.

संकेत तीन-तीन अक्षरांचे असतात. "मदनबदकपकड" ही ओळ पहिल्या अक्षरापासून तोडली तर "मदन बदक पकड" असा अर्थ लागतो. एक अक्षर पुढे सरकून तोडली तर "दनब दकप कड" एवढेच उरते. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर असे तीन-तीन, म्हणजे एकूण सहा प्रकारे वाचन करावे लागते. एकूण 64 संकेतांपैकी टीएए, टीएजी आणि टीजीए हे तीन "थांबा" म्हणतात. अक्षरे नुसती उधळलेली असती, तर सरासरी दर 21 संकेतांनी एक थांबा आला असता. म्हणून 300 संकेत सलग थांब्याविना दिसले, तर तिथे जनुक असण्याची शक्यता दाट असते. खरी अडचण सुरुवातीची आहे. जिवाणूंत जनुक बहुधा एटीजीने सुरू होते, पण जीटीजी आणि टीटीजीनेही होऊ शकते. यातले नेमके कोणते, हे ठरवायला प्रॉडिगलसारखा प्रोग्राम रायबोसोम (प्रथिने बनवणारे पेशीतले यंत्र) जिथे बसतो ती खूण थोडी अलीकडे आहे का, ते पाहतो.

नमुन्यासोबत जीवाचे शास्त्रीय नाव आम्ही आग्रहाने मागतो ते याचसाठी. मायकोप्लाझ्मामध्ये टीजीएचा अर्थ थांबा होत नाही, ट्रिप्टोफॅन (प्रथिनाचा एक घटक) होतो. चुकीचे संकेत-कोष्टक लावले, तर चांगल्या जनुकांचे तुकडे पडतात.

बुरशी, वनस्पती किंवा प्राणी असेल तर

इथे जनुक सलग लिहिलेले नसते. कामाचे तुकडे म्हणजे एक्झॉन, आणि मध्ये कापून टाकायचा भाग म्हणजे इंट्रॉन. माणसाचे डिस्ट्रोफिन जनुक 20 लाखांहून अधिक अक्षरांत पसरले आहे, पण त्याचे 79 एक्झॉन जोडून होणारा संदेश जेमतेम 14 हजार अक्षरांचा असतो. इंट्रॉन बहुधा जीटीने सुरू होतो आणि एजीने संपतो. पण जीटी ही जोडी निव्वळ योगायोगानेही साधारण दर 16 जागांमागे एकदा सापडते, म्हणून एवढ्या खुणेवर भागत नाही.

इथे हिडन मार्कोव्ह मॉडेल ही संभाव्यतेवर चालणारी गणिती पद्धत कामी येते. 1997 मध्ये ख्रिस बर्ज आणि सॅम्युएल कार्लिन यांचा जेनस्कॅन हा जनुके शोधणारा प्रोग्राम याच पद्धतीवर उभा राहिला. आम्ही वापरतो तो ऑगस्टसही त्याच घराण्यातला. एक्झॉन, इंट्रॉन आणि जनुकांमधली मोकळी जागा या प्रत्येकाची अक्षरांची ढब वेगळी असते. ती शिकून सगळ्यांत संभाव्य मांडणी कोणती, हे मॉडेल काढते. मात्र वनस्पतीवर शिकवलेला प्रोग्राम बुरशीवर तसाच चालवला, तर निकाल भरवशाचा नसतो. शक्य असेल तिथे आपल्याच जीवाच्या माहितीवर आम्ही तो नव्याने शिकवतो.

त्याआधी पुनरावृत्त भाग झाकणे गरजेचे असते. उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांत त्यांची स्वतःची जनुके असतात. ती यादीत शिरली की आकडा उगाच फुगतो.

आरएनए जरूर पाठवा

या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही. आरएनए म्हणजे जनुक चालू असताना त्याची निघणारी प्रत. एका बुरशीच्या कामात आमच्या प्रोग्रामने शेजारची दोन जनुके जोडून एकच लांब जनुक दाखवले होते. प्रथिनाचा पुढचा अर्धा भाग एका कुळाशी जुळत होता, मागचा दुसऱ्याशी, आणि आम्हालाही ते पटण्यासारखे वाटले. नंतर ग्राहकांनी आरएनए सिक्वेन्सिंगची माहिती पाठवली. रीड्स (आरएनएचे वाचलेले छोटे तुकडे) जीनोमवर बसवल्या, तेव्हा दोन्ही बाजूंना दाट थर दिसला आणि मध्ये एकही रीड नव्हती. जनुके दोन होती. तेव्हापासून अशी दुहेरी जुळणी दिसली की आम्ही ती जागा हाताने तपासतो.

रीडचा अर्धा भाग एका एक्झॉनवर आणि उरलेला काहीशे अक्षरे पलीकडच्या एक्झॉनवर बसला, तर इंट्रॉनच्या दोन्ही कडा हाती येतात. इतका थेट पुरावा गणितातून मिळत नाही. शक्य असल्यास ऊती आणि वाढीच्या अवस्था वेगवेगळ्या घ्या. जे जनुक त्या वेळी चालूच नव्हते, ते आरएनएत दिसणार नाही.

"कार्य" हा रकाना जपून वाचा

जनुकाचे काम आम्ही बहुतांशी साम्यावरून सांगतो: ब्लास्ट या प्रोग्रामने ओळखीच्या प्रथिनांशी तुलना, आणि प्रथिनातले ओळखीचे भाग. जुन्या नोंदीत चूक असेल तर साम्याच्या वाटेने ती नव्या नोंदीत उतरते. म्हणून साम्य किती टक्के आणि प्रथिनाच्या किती लांबीवर, हे दोन्ही आम्ही शेजारी देतो. "हायपोथेटिकल प्रोटीन" लिहिलेल्या नोंदी खोडू नका. तिथे जनुकाचा अंदाज आहे, काम मात्र अजून कळलेले नाही.

यादी किती पूर्ण आहे हे सांगणाऱ्या बुस्को तपासणीचा निकाल सोबत असतोच. त्या गटातल्या जीवांत सहसा एकेकच सापडणारी जनुके पूर्ण, दुहेरी, तुटक की गायब, हे त्यात दिसते. गायबचे प्रमाण मोठे असेल, तर आधी असेंब्लीकडे बघा.

शेवटी फाइलींबद्दल. यादी एक्सेलमध्ये उघडताना नावांचा रकाना आधी "टेक्स्ट" करून घ्या. सेप्ट2 आणि मार्च1 अशी जनुकांची नावे एक्सेलने इतक्या वेळा तारखांत बदलली, की 2020 मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने ती सेप्टिन2 आणि मार्चएफ1 अशी बदलल्याचे जाहीर केले. जुन्या याद्यांत मात्र जुनी नावे अजून आहेत. जीएफएफ3 ही जनुकांच्या जागा नोंदवणारी मूळ फाइल आम्ही वेगळी देतो, तिची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा.