कुजवणारे जिवाणू आणि त्यांचे मातीतले वैरी

झाडांना जिवाणूंमुळे रोग होतो, हेच मुळात बरीच वर्षे अनेकांना पटत नव्हते. अमेरिकेत टॉमस बरिल यांनी १८८०च्या सुमारास नासपतीच्या फायर ब्लाइटमागे (कोवळे शेंडे जळल्यासारखे काळे पडण्याचा रोग) जिवाणू असल्याचे दाखवले. तरीही शतक संपताना जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड फिशर ते मानायला तयार नव्हते आणि अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञ अर्विन स्मिथ यांना त्यांच्याशी छापील वाद घालावा लागला. १९०१ मध्ये एल. आर. जोन्स यांनी गाजराच्या मऊ कुजीच्या जिवाणूचे वर्णन केले. पुढे हा जिवाणू आणि फायर ब्लाइटचा जिवाणू ज्या गटात आले, त्याला स्मिथ यांच्या नावावरून ‘एर्विनिया’ म्हणू लागले. आज त्यातल्या मऊ कूज करणाऱ्या जाती पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया या नावांखाली सापडतात. जुने लेख चाळताना हा घोळ ध्यानात ठेवावा लागतो.

हे जिवाणू पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळवतात आणि बटाटा किंवा गाजर आतून लगदा होऊन जाते. कूज एकदा आत शिरली की वरून फवारून फारसे काही साधत नाही. मग या जिवाणूंना मातीतच कोण अडवते, याकडे लक्ष वळणे साहजिक होते.

वनस्पतिरोगांचे अभ्यासक सॅनफर्ड यांनी १९२६ मध्ये बटाट्याच्या खवल्या रोगाबद्दल (सालीवर खरबरीत खपल्या येण्याचा रोग) असाच तर्क मांडला होता: हिरवळीचे खत गाडल्यावर वाढणारे इतर सूक्ष्मजीव रोगकारकाला दाबत असावेत. गंमत अशी, की खवल्या रोग करणारा सूक्ष्मजीव स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जिवाणूंच्या कुळातला, आणि १९४३ मध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक मिळवले तेही याच कुळातून. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या अनेक ग्रॅम-ऋण (वेगळ्या बाह्य आवरणाच्या) जिवाणूंवर ते चालत होते. एर्विनिया ग्रॅम-ऋणच, त्यामुळे १९५०च्या दशकात सफरचंद-नासपतीच्या बागांत फायर ब्लाइटवर स्ट्रेप्टोमायसिनची फवारणी सुरू झाली. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात त्याला न जुमानणारे फायर ब्लाइटचे प्रतिरोधक जिवाणू आढळले.

या काळात शोधाची रीत ठरून गेली. बशीतल्या आगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) रोगकारक पसरायचा, मातीतला सूक्ष्मजीव त्यावर ठेवायचा आणि भोवती स्वच्छ वलय पडते का, म्हणजे तिथे रोगकारक वाढायचा थांबतो का, ते बघायचे. या वलयाला गरजेपेक्षा जास्त मान मिळाला, असे माझे मत आहे. बशीत अन्नाची रेलचेल असते. मातीत बहुतेक जीव उपाशी असतात. शिवाय स्ट्रेप्टोमायसिनसारखे रेणू चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून निष्प्रभ होतात. मातीत प्रतिजैविक खरोखर तयार होते का, हा प्रश्न म्हणूनच बराच काळ लोंबकळत राहिला. १९९० मध्ये लिंडा थॉमाशो, डेव्हिड वेलर आणि सहकाऱ्यांनी गव्हाच्या मुळांभोवतालच्या मातीतून स्यूडोमोनास या जिवाणूने बनवलेले फेनाझिन हे प्रतिजैविक थेट वेगळे करून दाखवले. ते उदाहरण मुळांवरच्या बुरशीविरुद्धचे होते, पण ‘हे फक्त बशीतच घडते’ या आक्षेपाला त्यातून ठोस उत्तर मिळाले.

दरम्यान दुसरी वाट उघडली होती. क्लोपर, श्रॉथ आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले, की स्यूडोमोनास सिडेरोफोर नावाचे रेणू सोडून मुळांजवळचे लोह बळकावतो आणि शेजाऱ्यांची उपासमार करतो. त्याहून मोठा धक्का २००० आणि २००१ मध्ये बसला. मऊ कुजीचे जिवाणू पुरेशी संख्या जमेपर्यंत हल्ला रोखून धरतात आणि एकमेकांना रासायनिक संदेश देतात, हे तोवर माहीत होते. सिंगापूरमधील संशोधकांना मातीतल्या बॅसिलस गटाच्या एका जिवाणूमध्ये तो संदेशच तोडणारे एन्झाइम मिळाले. त्याचे जनुक घातलेल्या तंबाखू आणि बटाट्याच्या झाडांत कूज बरीच कमी झाली. कुणी मरत नाही, म्हणजे वलयही पडत नाही. जुन्या चाळणीतून असा जीव सरळ निसटला असता.

व्यवहारात मात्र बॅसिलसची सरशी होते ती वेगळ्या कारणाने. त्याचे बीजाणू (टणक, सुप्त पेशी) कोरड्या भुकटीत दीर्घकाळ टिकतात. स्यूडोमोनासला बीजाणू नसतात, त्यामुळे शेतात पोहोचेपर्यंत तो जिवंत ठेवणे हीच मोठी अडचण असते.