सेवा करून तारण, की तारण झालं म्हणून सेवा?

आपल्या नंदुरबार-नवापूरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधे तारणाबद्दल, म्हणजे देवाने पापातून केलेल्या सुटकेबद्दल, हा घोळ कायम होतो. घरचे सगळे ऊसतोडीला गुजरातेत गेले, म्हातारी मागं एकटी राहिली, तर संगतीतली पोरं तिला तांदूळ-डाळ पोचवतात, दवाखान्यात नेतात. आता हे देवाने स्वर्गात घ्यावं म्हणून चाललंय, की देवाने आधीच स्वीकारलंय म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं भो, तांदूळ तेवढाच आणि पायपीटही तेवढीच.

इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांची, शिकवण यात स्पष्ट आहे. बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात, 8 आणि 9 व्या वचनात प्रेषित पौल सांगतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं, ते देवाचं दान आहे, कर्मांनी मिळत नाही, म्हणजे कोणाला बढाई मारायला जागाच नको. पण बरेच जण इथंच पुस्तक मिटतात, आणि लगेच पुढच्या 10 व्या वचनात आपल्याला सत्कर्मांसाठीच निर्माण केलंय असं लिहिलंय ते राहूनच जातं.

मग याकोब येतो, त्याचंही पत्र बायबलात आहे. भाऊ किंवा बहीण उघडी, उपाशी आहे आणि तुम्ही नुसतं म्हणता सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा, अन् देत काहीच नाही, तर उपयोग काय? असा विश्वास मेलेला आहे, म्हणतो तो. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरला हे पत्र एवढं खटकलं की 1522 च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला पेंढ्याचं, म्हणजे हलकं, पत्र म्हटलं. माझ्या मते त्याची घाई झाली. पौल आणि याकोब दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात, फक्त पौल उत्पत्तीच्या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायाकडं बघतो, जिथं अब्राहामाने विश्वास ठेवला, आणि याकोब उत्पत्ती 22 कडं, जिथं त्याने आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवलं. देवापुढं माणूस नीतिमान कशाने ठरतो हा पौलाचा प्रश्न, आणि तो विश्वास जिवंत आहे हे कशावरून कळतं हा याकोबाचा. रावेरकडं केळ निसवली नाही तर शेतकरी कंद तपासतो, बाहेरून घड आणून बांधत नाही; तसंच कर्म दिसलं नाही तर विश्वास तपासायचा.

खरी अडचण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 25 व्या अध्यायाची. तिथं उपाशी, तहानेल्या, परक्या, उघड्या, आजारी, तुरुंगातल्या माणसांची सेवा केलेल्यांना देवाचं राज्य मिळतं, मग वाटतं की हे तर कर्मानेच झालं. पण त्या लोकांचं उत्तर नीट वाचा, ते विचारतात प्रभू, आम्ही तुला उपाशी कधी बघितलं? म्हंजे त्यांनी हिशेब ठेवलेलाच नव्हता! कमाईसाठी सेवा करणाऱ्याला एकूण एक पिशवी आठवते, आणि घेणारा पुढच्या रविवारी सभेला आला नाही की त्याचं डोकं फिरतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या 17 व्या अध्यायात येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहूद्यांच्या नजरेत परका, पण बाकी नऊ जणांचं बरं होणं काही त्याने परत घेतलं नाही.

1974 मधे स्वित्झर्लंडच्या लोझान शहरातल्या परिषदेत झालेल्या लोझान करारातपण इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी हेच वेगळं करून मांडलंय की समाजसेवा म्हणजे सुवार्ता सांगणं नव्हे, तरी दोन्ही ख्रिस्ती माणसाचं कर्तव्यच. त्यामुळे सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पेशंटला जीपमधे घालून हॉस्पिटलला नेताना प्रार्थनेला येशील का अशी अट घालायची काहीच गरज नाही, विचारलं तर विश्वासाबद्दल मोकळेपणाने सांगा, नाही विचारलं तरी पुढच्या वेळी जीप काढा.