डेटाबेस सर्व्हर : प्रोसेस व थ्रेड
अनेक जोडण्यांचे (वापरकर्ते वा प्रोग्राम यांनी सर्व्हरशी जोडलेल्या संपर्कांचे) काम एकाच वेळी चालवण्यासाठी डेटाबेस सर्व्हर संचालन प्रणालीकडून प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) किंवा थ्रेड (प्रोसेसच्या आत चालणारा कामाचा प्रवाह) घेतो. प्रोसेसची स्मृती स्वतंत्र असते, तर एका प्रोसेसमधील थ्रेड स्मृती वाटून घेतात. पोस्टग्रेस दर जोडणीला एक प्रोसेस देतो, मायएसक्यूएल सामान्यतः एक थ्रेड. ओरॅकलची पीमॉन, एसमॉन वगैरे पार्श्वभूमीतील देखरेखीची कामे युनिक्सवर परंपरेने स्वतंत्र प्रोसेस, तर विंडोजवर एकाच प्रोसेसमधील थ्रेड असतात. डीबी२ने युनिक्स-लिनक्सवर ९.५ आवृत्तीत (२००७) प्रोसेस सोडून थ्रेड स्वीकारले.

पोस्टग्रेससारखी दर जोडणीला एक प्रोसेस देणारी रचना का रूढ झाली याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार कारण सुरक्षिततेचे : एक जोडणी बिघडली तरी इतर शाबूत राहाव्यात. दुसऱ्या मतानुसार त्या काळी युनिक्सवर सर्वत्र चालतील असे भरवशाचे थ्रेडच नव्हते. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात मूळ पोस्टग्रेसचे काम १९८६च्या सुमारास सुरू झाले. पॉझिक्स थ्रेडचे, म्हणजे युनिक्ससदृश प्रणालींसाठीच्या सामायिक थ्रेडचे, मानक १९९५चे. हा कालक्रम दुसऱ्या मताला अधिक अनुकूल आहे. शिवाय सुरक्षितता पूर्ण नसते. पोस्टग्रेसची एक बॅकएंड प्रोसेस (एका जोडणीचे काम पाहणारी) कोसळली की सर्व प्रोसेस मिळून वापरतात ती सामायिक स्मृती दूषित झाली असेल या शक्यतेने पोस्टमास्टर ही मुख्य प्रोसेस उरलेल्या बॅकएंडही बंद करतो आणि मगच सर्व्हर पुन्हा उभा करतो.

लिनक्सवरील जुन्या ‘लिनक्सथ्रेड्स’ पद्धतीत प्रत्येक थ्रेडला वेगळा प्रोसेस-क्रमांक मिळे. त्यामुळे एकच मायएसक्यूएल सर्व्हर ‘पीएस’ या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या आज्ञेच्या यादीत अनेक ओळींत दिसे आणि प्रत्येक ओळीत तीच स्मृती मोजलेली असे. लिनक्सच्या २.६ कर्नलबरोबर (प्रणालीचा गाभा; डिसेंबर २००३) एनपीटीएल ही नवी थ्रेड-पद्धत रूढ होऊन हा घोळ मिटला. तरीही कर्नलच्या लेखी प्रोसेस व थ्रेड दोन्ही ‘टास्क’च, ‘क्लोन’ या आज्ञेने नवे टास्क निर्माण करताना काय सामायिक ठेवायचे एवढाच फरक. सोलॅरिस या युनिक्स प्रणालीने ९व्या आवृत्तीत (२००२) प्रोग्रामच्या दर थ्रेडमागे कर्नलचा एक थ्रेड ही रचना स्वीकारली.

विंडोजमध्ये ‘फोर्क’, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढून नवी प्रोसेस करण्याची युनिक्सची सोय, नाही. म्हणून तेथील पोस्टग्रेस (८.० आवृत्तीपासून, २००५) नवी प्रोसेस मुळापासून सुरू करून सामायिक स्मृती त्याच पत्त्यावर जोडतो. जोडणी उघडणे त्यामुळे अधिक खर्चिक होते.

पुण्यात १९९०मध्ये स्थापन झालेली पर्सिस्टंट सिस्टम्स ही सॉफ्टवेअर कंपनी आणि पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एन्टरप्राइझडीबी कंपनीचे केंद्र यांमुळे हा विषय तेथे परिचित आहे. हिंजवडी-खराडीतील सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी : पोस्टग्रेसच्या सर्व प्रोसेसची ‘पीएस’मधील स्मृती बेरजेला घेऊ नये; सामायिक भाग पुन्हापुन्हा मोजला जातो आणि विनाकारण जादा रॅमची मागणी होते. जोडण्या फार झाल्या तर पीजीबाउन्सरसारखा पूलर (थोड्याच जोडण्या अनेकांना आळीपाळीने वापरू देणारा प्रोग्राम) मध्ये ठेवणे श्रेयस्कर. पोस्टग्रेसनेही थ्रेडकडे वळावे का, यावर त्याच्या विकासकांत २०२३मध्ये पुन्हा गांभीर्याने विचार सुरू झाला.